दादाच्या कॅसेटींचा अल्बम काढावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डोंबिवलीचे एक वाचक लिहितात, "माझं वय चोपन्न. 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, तेव्हा आमच्या कॉलनीतली आठ-दहा पोरं गेली होती. माझ्या मोठ्या भावाने शर्टाच्या आत छोटा रेकॉर्डर दडवून नेला आणि कार्यक्रम दोन कॅसेटींवर उतरवला. दादा दोन वर्षांपूर्वी गेला. कपाट आवरताना वहिनीला त्या कॅसेटी सापडल्या, तिने त्या मला दिल्या. यंदा त्या कार्यक्रमाला तीस वर्षं होतील. जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय की याचा अल्बम काढायचा. शंभर एलपी छापायच्या, वर दादाचं नाव, किंमत दीड हजार, म्हणजे फक्त खर्चापुरती. काहींनी पैसे पाठवलेसुद्धा. एक मित्र साउंडमधला आहे, तो सॉफ्टवेअरने आवाज साफ करून देणार आहे. मध्ये मध्ये दादा बेसूर ओरडतो, तेही काढता येईल म्हणतो. माझी मुलगी म्हणते, बाबा, ही पायरसी आहे. मित्र म्हणतात, गायक जाऊन सतरा वर्षं झाली, आपण एक पैसा कमावत नाही, आणि कंपनीने या दौऱ्याचा अल्बम काढलेलाच नाही, मग कोणाचं काय बिघडतं? वहिनीची हरकत नाही. दादाची आठवण म्हणून हे करावं का?"

नमस्कार.

कायद्याने तुमच्या मुलीचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण तुमच्या पत्रातला हा सगळ्यात सोपा भाग आहे. मला अडखळायला झालं ते दोन छोट्या वाक्यांपाशी. एक, "तेही काढता येईल म्हणतो" आणि दुसरं, "वहिनीची हरकत नाही". त्यांच्याकडे येतेच, पण मित्रांच्या युक्तिवादाला उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला ग्रुपवर तोंड उघडता येणार नाही, म्हणून आधी ते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला तो 1994 च्या दुरुस्तीने, आणि ती मे 1995 मध्ये लागू झाली. म्हणजे अंधेरीच्या कार्यक्रमाच्या जेमतेम दीड वर्ष आधी. तेव्हा या हक्काची मुदत पंचवीस वर्षं होती. 1999 च्या दुरुस्तीने ती पन्नास केली. ही वर्षं मोजतात कार्यक्रमानंतरच्या जानेवारीपासून. तेव्हा 1996 च्या कार्यक्रमाची मुदत संपते 2046 च्या अखेरीला. गायक हयात आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

आता मुलीलाही एक गोष्ट सांगा, कारण तिच्या बोलण्यातून काका चोर ठरतोय असं तुम्हाला कुठेतरी लागलेलं दिसतंय. तो चोर ठरत नाही. याच कायद्याचं कलम 39 म्हणतं की ज्याने रेकॉर्डिंग केलं त्याच्या स्वतःच्या खासगी वापरासाठी ते असेल, तर तो हक्कभंग नाही. आयोजकांनी दारात रेकॉर्डर पकडला असता तर बाहेर काढलं असतं, ती गोष्ट वेगळी. दादाने ते रेकॉर्डिंग घरी नेलं, ऐकलं आणि कपाटात ठेवलं. त्याने ते ना विकलं, ना वाटलं. तीस वर्षं ते जसं होतं तसं ठेवण्यात काही चूक नव्हती. जे काही वावगं होईल ते आता, शंभर प्रती निघतील तेव्हा.

"आपण एक पैसा कमावत नाही" हा मुद्दा मित्रांना फार भक्कम वाटतो. कलम 63 मध्ये हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलाय. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, अशी सवलतही तिथेच आहे. म्हणजे नफा न घेतल्याने शिक्षा सौम्य होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही. डोंबिवलीत तुमच्या दारात उद्या पोलीस येऊन उभे राहतील असं मला मुळीच वाटत नाही, आणि तशी भीती घालून तुम्हाला थांबवायचंही नाही. फक्त "ना नफा ना तोटा" हे शब्द परवान्यासारखे वापरू नका.

अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने 1984 पासून आपल्या कार्यक्रमांत रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांसाठी चक्क वेगळी जागा ठेवली. टेप एकमेकांना द्या, विकू नका, एवढीच अट. ती प्रथा पुढे छान वाढली, पण ती परवानगी गाणाऱ्यांनी दिली होती, ऐकणाऱ्यांनी स्वतःहून घेतली नव्हती. आपल्याकडेही शास्त्रीय संगीताच्या दर्दींच्या कपाटांत खासगी बैठकींच्या स्पूल आणि कॅसेटी असतात. त्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात, घरी बोलावून ऐकवल्या जातात, आणि कोणी त्यांना किंमत लावली तर बाकीचे नाक मुरडतात. कायद्याच्या काटेकोर मापाने त्या देवाणघेवाणीतही खोट निघेल. तरी किंमत लागली की काहीतरी बदलतं, हे त्या मंडळींना कोणी शिकवावं लागत नाही.

"गायक गेला, कोणाचं काय बिघडतं" यात गृहीत धरलंय की त्या रात्री मंचावर एकच माणूस होता. त्या दौऱ्यात गिटारवर जेनिफर बॅटन होती, ड्रम्सवर जोनाथन मॉफेट होता. सादरीकरणावरचा हक्क वाजवणाऱ्यांचाही असतो. गाणी लिहिणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. 'थ्रिलर' हे गाणं मायकलने लिहिलेलं नाही, ते रॉड टेम्परटन या इंग्लिश माणसाचं आहे. तो 2016 मध्ये गेला, आणि गीत-संगीतावरचा हक्क आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. अब्जाधीश गायकाचं काय जातंय, असं म्हणताना ही नावं कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात.

एखादा मित्र म्हणेल, परदेशी माणसाच्या मैफलीचं इथे कोण विचारतं? अगदी हाच बचाव जर्मनीत एका कंपनीने करून पाहिला होता. फिल कॉलिन्स या इंग्लिश गायकाचा 1983 चा कॅलिफोर्नियातला कार्यक्रम त्याला न विचारता रेकॉर्ड झाला होता, आणि त्याची सीडी जर्मनीत विकली जात होती. जर्मन गायकाला कायद्याने जगात कुठेही झालेल्या कार्यक्रमासाठी संरक्षण मिळायचं, परदेशी गायकाला मात्र जर्मनीबाहेरच्या कार्यक्रमासाठी ते सहसा मिळायचं नाही. या फटीतून अशा सीडींचा मोठा धंदा चालला होता. प्रकरण म्युनिकच्या न्यायालयातून युरोपीय न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर 1993 मध्ये निकाल लागला, की युरोपीय समुदायाच्या सदस्य देशांच्या नागरिकांत असा भेदभाव करता येणार नाही. तुमच्या बाबतीत तर ही फटही नाही, कारण कार्यक्रमच मुंबईत झालाय.

आणि तीस वर्षांत सगळे विसरले असं म्हणत असतील, तर आठवण करून द्या. या कार्यक्रमाला दिलेल्या करमणूक कराच्या सवलतीला मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, आणि त्या सवलतीचा विषय 2021 मध्ये पुन्हा राज्य मंत्रिमंडळासमोर आला. कागद फार चिवट असतात.

उरला तो त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि त्यापुढे मी मान तुकवते. प्रागपासून दर्बानपर्यंत चाललेल्या त्या दौऱ्याचा पूर्ण कार्यक्रम अधिकृत अल्बम म्हणून कधी निघाला नाही, हे खरं आहे. चाहत्यांनी जपलं नसतं तर संगीताच्या इतिहासातलं बरंच काही नाहीसं झालं असतं, हेही खरं. 1969 मध्ये बॉब डिलनच्या न निघालेल्या गाण्यांची एक तबकडी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात लॉस एंजेलिसमध्ये विकायला आली, तिथून रॉक संगीतातल्या या चोरट्या तबकड्यांची परंपराच सुरू झाली. त्यातली कितीतरी रेकॉर्डिंग अभ्यासक आज मोलाची मानतात. खुद्द मायकलच्या वेम्बलीच्या 1988 च्या कार्यक्रमाची अधिकृत डीव्हीडी 2012 मध्ये निघाली, ती त्याच्या स्वतःच्या संग्रहातल्या साध्या व्हीएचएस कॅसेटवरून. एवढ्या मोठ्या गायकाची ही अवस्था. म्हणून घरात पडलेल्या टेपला कमी लेखू नका.

पण हा युक्तिवाद कॅसेट वाचवण्याच्या बाजूचा आहे. ती छापून विकावी, हे त्यातून निघत नाही. मित्रांनी या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्यात आणि तुम्हीही त्या तशाच पत्रात लिहिल्यात.

आता ते पहिलं वाक्य. मायकल जॅक्सनच्या चाहत्यांना ठाऊक आहे की त्या दौऱ्यात बऱ्याच गाण्यांना आधी मुद्रित केलेल्या गायनाचा आधार होता. म्हणजे तुमच्या कॅसेटीवर गायकाचा जो आवाज आहे, त्यातला पुष्कळसा स्टुडिओत झालेला असणार, आणि तो कुठल्याही अधिकृत सीडीवर याहून शंभरपट स्वच्छ ऐकू येतो. मग अंधेरीच्या त्या शुक्रवारच्या रात्रीचं, इतरत्र कुठेही न मिळणारं असं त्या टेपवर काय आहे? गर्दी. तुमच्या मित्रांच्या शिट्ट्या. आणि दादा, बेसूर ओरडणारा. साउंडवाला मित्र नेमकं तेवढंच साफ करायला निघालाय. त्याच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण दादाच्या नावाचा अल्बम आणि त्यात दादाच नाही, ही कसली आठवण?

मित्रांवर रागावू नका. अल्बम म्हटला की तो स्वच्छ हवा, असंच कोणालाही वाटणार. म्हणून तर मला वाटतं की हे अल्बमचं सामानच नाही. शिवाय साधा हिशेब करा. एलपीच्या एका बाजूला बरा आवाज हवा असेल तर वीस-बावीस मिनिटं मावतात. कार्यक्रम दोन तासांच्या आसपासचा धरला तर तीन तबकड्या लागतील. दीड हजारात तीन तबकड्यांचा संच कोण देणार आहे? बरा कारखाना हक्कांची कागदपत्रंही मागतो. आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. दादाला शर्टाच्या आत हात घालून बाजू उलटावी लागली असणार, तिथे गाणी तुटलेली असणार. शंभरातल्या नव्वद जणांना ही तबकडी एकदा ऐकून कपाटात टाकावीशी वाटेल. तुम्हाला मात्र ती तुटलेली जागासुद्धा हवीशी वाटेल.

दुसरं वाक्य, वहिनींचं. त्या नेमकं काय म्हणाल्या? आपल्या घरांत "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" हे होकारासारखं ऐकलं जातं, पण पुष्कळदा त्याचा अर्थ "मला यात पडायचं नाही" किंवा "मला कोणी नीट विचारलंच नाही" असा असतो. त्यांनी कॅसेटी दिराच्या हाती दिल्या. शंभर लोकांच्या घरी नवऱ्याचा आवाज जाणार, किंवा तो आवाज पुसला जाणार, हे त्यांना कोणी सांगितलंय का? कॅसेटी ही वस्तू म्हणून त्यांची आणि मुलंबाळं असतील तर त्यांची आहे. निर्णय त्यांच्यासोबत बसून घ्यायचा आहे, कळवायचा नाही. फोनवर नको, घरी जा. आणि शक्य असेल तर आधी दहा मिनिटांचा तुकडा त्यांना ऐकवा, तोही त्यांनी हो म्हटलं तरच. सगळ्यांना गेलेल्या माणसाचा आवाज लगेच ऐकवत नाही.

मग करायचं काय? पहिलं काम म्हणजे कॅसेटी वाचवणं, आणि याला अल्बमपेक्षा जास्त घाई आहे. घरात टेप पडलेल्या इतर वाचकांनीही हा भाग नीट वाचावा.

कॅसेटीच्या पाठीमागच्या कडेला, टेप दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे असतात. ते आजच मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही उतरणार नाही. मग खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, मुंबईच्या दमट हवेत ती हमखास धरते. तशी कॅसेट अजिबात वाजवू नका, टेपचं रूपांतर करून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. बुरशी नसेल तरी माळ्यावरचा जुना टू-इन-वन काढून त्यात सरळ घालू नका. पट्टा सैल झालेलं यंत्र टेप गिळतं. लॅमिंग्टन रोडला अजून जुने डेक दुरुस्त करणारे सापडतात. हेड आणि रबरी रोलर स्पिरिटने पुसून घेतलेला, दुसऱ्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर तपासलेला डेक वापरा. आधी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून) संगणकात घ्या आणि वेव्ह फाइल चोवीस बिटमध्ये साठवा, एमपी3 नंतर त्यावरून काढता येते. साउंडवाल्या मित्राला हे काम जरूर द्या, त्याच्याइतकं नीट तुम्हाला जमणार नाही. फक्त अट घाला, की मूळ फाइलला हात लावायचा नाही. खरखर, हशा, ओरडणं, सगळं जसं आहे तसं. साफसफाई करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर. मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक वहिनींकडे. कॅसेटी टाकून देऊ नका.

तीस वर्षं मात्र जरूर साजरी करा. 1 नोव्हेंबर यंदा रविवारी येतोय. वहिनींची तयारी असेल तर जे त्या रात्री सोबत होते तेवढ्यांना घरी बोलवा आणि कॅसेट ऐका. हॉल, तिकीट, फेसबुक लाइव्ह यातलं काही नको. यूट्यूबवर टाकायचाही मोह टाळा. तिथे हक्कदारांचा दावा आपोआप लागू शकतो, व्हिडिओ उडू शकतो, आणि एकदा बाहेर गेलेली फाइल कोण कुठली तबकडी छापायला वापरेल हे आपल्या हातात राहत नाही.

छापायची हौस असेल तर पुस्तिका छापा. अंधेरीला कसे पोचलात, तिकिटाचे पैसे कोणी कोणाकडून उसने घेतले, घरी काय थाप मारली, दादाने रेकॉर्डर आत कसा नेला. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने केलेलं स्वागत किंवा मातोश्रीवरची भेट वर्तमानपत्रांत येऊन गेली, पण कॉलनीतल्या पोरांची ती रात्र कोणीही लिहिलेली नाही. तुमचे स्वतःचे फोटो, तिकिटाचा तुकडा, प्रत्येकाचं एक पान. यावर कोणाचा हक्क नाही, तुमचाच आहे. दीड हजारापेक्षा खूप कमी खर्च येईल, आणि मुखपृष्ठावर दादाचं नाव कोणाला न विचारता घालता येईल. वहिनींना सोडून, अर्थात.

रीतसर अल्बमच हवा असा कोणी हट्ट धरला, तर रीतसर मार्ग एकच. सोनी म्युझिक आणि मायकल जॅक्सनच्या वारसांच्या व्यवस्थापनाला लिहून विचारायचं. शर्टाच्या आतल्या रेकॉर्डिंगवर ते अल्बम काढतील अशी आशा मी धरणार नाही. आणि उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका.

या निमित्ताने, अशा तबकड्या विकत घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. वेबसाइटवर खुलेआम विकतात, बारकोड आहे, म्हणजे अधिकृतच, असं नसतं. वेष्टनावर "रेडिओ ब्रॉडकास्ट" लिहिलेलं असेल तर आणखी सावध व्हा. एखादा कार्यक्रम रेडिओ-टीव्हीवर दाखवायला गायकाने परवानगी दिली, म्हणून तबकडी काढायची दिली असं होत नाही. मायकलचा 1987 चा योकोहामाचा कार्यक्रम जपानी टीव्हीवर दाखवला गेला, आणि त्याच्या अनधिकृत तबकड्या अजून फिरतात. आपल्या कायद्याच्या कलम 52अ नुसार ध्वनिमुद्रिकेवर ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष हवं. यातलं काही गायब असेल तर पाकिटात हात घालण्याआधी थांबा.

ग्रुपवर काय लिहायचं, याचा तुम्हाला संकोच वाटत असणार. लांबलचक कायदा सांगत बसू नका, वाद वाढेल. एवढंच लिहा: "कॅसेटी वहिनीच्या आहेत, आणि अल्बम काढायचा नाही असं आम्ही ठरवलंय. टेप नीट डिजिटल करून ठेवतोय. 1 नोव्हेंबरला संध्याकाळी घरी या, एकत्र ऐकू. प्रत्येकाने त्या रात्रीबद्दल एक पान लिहून आणा." अर्थात हे वहिनींशी बोलून झाल्यावर, आणि त्यांना त्यांच्या नावाने हे लिहिलेलं चालत असेल तरच. साउंडवाल्या मित्राला मात्र आधी वेगळा फोन करा. त्याने मनापासून पुढाकार घेतलाय, त्याला हे ग्रुपवर कळू नये.

आणि ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांचे त्याच दिवशी परत करा. "राहू दे, पुस्तिकेत वळते करू" असं कोणी म्हणालं तरी नको. पुस्तिकेची वर्गणी नंतर वेगळी काढा.